नवानं भाग जाणारा नंबर

आबा फौजेत होते. त्यांच्या पलटणीत त्यांच्याच नावाआडनावाचे चौघं जण, सगळे आमच्या सातारा-सांगलीकडचेच. त्यामुळं पत्रावर नाव कितीही ठळक लिहा, खरा पत्ता म्हणजे आबांचा सात आकडी नंबर. तो घरातल्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं लिहिलेला होता. आईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि चुलते लिहायचे. मी सातवीत गेले आणि हे काम हट्टानं माझ्याकडं घेतलं.

तेव्हा शहाणपण माझ्या अंगात मावत नव्हतं. आबांच्या नंबरातल्या आकड्यांची बेरीज छत्तीस येते, म्हणजे त्याला नवानं पुरता भाग जातो, हा शोध मी लावला होता. भागून पाहिलं, बाकी शून्य! कोरेगावच्या शाळेत मी हे दहा जणींना सांगितलं.

आई म्हणायची, "आगं, ट्रंकंवर बघून लिही की."

मी फणकारायचे, "कशाला? बेरीज छत्तीस आली की नंबर बरोबर!"

दोन महिन्यांत तीन पत्रं गेली. धाकटा भाऊ चालायला लागला, ही बातमी पहिल्याच पत्रात होती. आबांनी त्याला अजून पाहिलंही नव्हतं. मग आबांचं पत्र आलं. "घरनं पत्र न्हाई. माझं काय चुकलं? रागावलीस व्हय?" मी वाचून दाखवलं आणि आई चुलीपुढं बसून रडली. "मी कशाला रागवंन त्यास्नी?" एवढंच म्हणत राहिली.

पाकिटामागं आबांनी आपला नंबर लिहिला होता. शेवटी एकोणपन्नास. मला पाठ होता तो चौऱ्याण्णव, आणि तिन्ही पत्रांवर तोच गेला होता! वजाबाकी केली, पंचेचाळीस. आकड्यांच्या जागा बदलल्या तरी बेरीज तीच राहते, नवानं भागही जातो. अरे देवा! खरा नंबर विषम, माझा सम, एवढंही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. आईला सांगितलं. ती ओरडली नाही, त्याचंच मला जास्त लागलं. त्याच दिवशी ट्रंकेवर बघून नवं पत्र टाकलं.

पुढं आबा सुट्टीवर आले, ते ती तिन्ही पत्रं घेऊनच. मी दाराआड लपले होते. ते आईला सांगत होते, "नंबर कुणाचाच न्हवता. मागं पत्ता बी न्हवता. चौघांच्या हातात फिरली बघ. दुसऱ्याच्या बायकूचं पत्र कोण फोडणार? मी बी बघून म्हागारी दिली. नवं पत्र आलं तवा तेच अक्षर दिसलं, मग मागून घेतली."

मी बाहेर आले. "आबा, चूक माझी हाय."

त्यांनी मला जवळ ओढलं. "तुजी न्हवं गं. ल्येकीचं अक्षर बापाला वळकू आलं न्हाई."

त्या सुट्टीत ते रोज संध्याकाळी माझ्या वह्या मांडीवर घेऊन, पहिल्या पानापासून बघत बसायचे.