उंटकटाऱ्याचा माहितगार

गावच्या झाडाझुडपांची नोंदवही करायला एक साहेब आला. वही आधीच भरलेली! मांजरसुंब्याच्या ढाब्यावर बसून भरली असावी, कारण पानावर शेवभाजीचा तेलकट डाग होता. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, म्हणून गावानं मला सोबतीला दिलं. पहिल्याच पानावर तिवर आणि कांदळ. अहो, बीड जिल्ह्यात! आमच्याकडं उन्हाळ्यात प्यायला टँकर येतो आणि ह्या गृहस्थानं खाडीची झाडं लावून टाकली. कोकणातल्या कुठल्या तरी गावाची वही जशीच्या तशी उतरवलेली. कॉपी करायलाही अक्कल लागते. माझ्या वर्गातली ढ पोरंसुद्धा शेजाऱ्याचं नाव तेवढं खोडायची.

वहीत गावामागच्या माळाच्या नावापुढं एकच शब्द होता: पडीक. पडीक लिहिलं की खड्डे खणतात, गुलमोहर लावतात, फोटो काढतात. रोपं मरून जातात, पण चराईबंदी तेवढी जिवंत राहते. त्या माळावर एक धनगर मावशी चाळीस वर्षं मेंढरं चारत होती. दुसरं रान तिला नव्हतं.

"चला, माळ दाखवतो," म्हटलं. साहेबाच्या मोज्यात कुसळं घुसली तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वर मावशी काठीवर हनुवटी टेकून उभी होती. साहेबानं एका काटेरी रोपावर मोबाइल धरला आणि निकाल दिला, "पिवळा धोत्रा. परदेशी तण."

फुलं यायला अजून वेळ होता. तीस वर्षं मी फळ्यावर उंटकटारा काढला. सूर्यफुलाच्या कुळातला, अस्सल देशी. त्याचा निळसर चेंडू म्हणजे एक फूल नव्हे, अनेक फुलांचा गोळा, हे पोरांकडून घोकून घेतलं. पण बिनफुलाचं रोप समोर आलं आणि मीही नुसता चष्मा वरखाली करत राहिलो.

मावशी हसली. "लई शिकलेले हाव की तुमी दोघं!" तिनं देठ मोडला. "धोत्रा असता तर पिवळं दूध आलं असतं. आलं का? न्हाई. आन् पान उलटं करा. खालून पांढरं, लोकरीवानी. ह्यो उटकटारा हाय. पवन्या गवताच्या रानात असतोच."

मग मला कंठ फुटला. साहेबाला दगडावर बसवून लिहून घेतलं: उंटकटारा, पवन्या, मारवेल, कुसळी, हे नैसर्गिक गवताळ रान, पडीक नव्हे. शेवटच्या रकान्यात माहिती देणाऱ्याचं नाव होतं. मी माझं सांगितलं. जरासुद्धा अडखळलो नाही. मावशी तेव्हा एका चुकार मेंढीमागं गेली होती.

उंटकटाऱ्याला चेंडू आले तोवर माळाला तारेचं कुंपण आणि फाटकाला कुलूप आलं होतं. पाटी लागली: देशी गवताळ रान, चराईस सक्त मनाई. वा रे शहाणे! मेंढरं चरत होती म्हणूनच ते रान इतकी वर्षं रान राहिलं होतं. मी फोन करून साहेबाला फैलावर घेतलं. तो थंडपणे म्हणाला, "सर, वहीत चराईचा उल्लेखच नाही." खरंच नव्हता. काट्यांची नावं नीट सांगण्याच्या नादात मी मेंढरं विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी मावशी फाटकाशी उभी होती, मेंढरं डांबरी रस्त्यावर. तिला वाचता येत नाही.

"मास्तर, पाटीवर काय लिव्हलंय?"

मी मनाईपर्यंत वाचलं आणि थांबलो.

"आन् त्याच्या खाली?"

"माहितगार म्हणून नाव आहे."

"कुणाचं?"

"माझं."

तिचा चेहरा एकदम खुलला. "मग कावून थांबलाव? काढा की कुलूप."