बोंबील थांबत नाय

आमच्या सासूबाई बोंबील वाळत घालायला बसल्या की त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, असा घरात अलिखित नियम होता. बोलायच्या त्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी काठीवर टाकायची आणि तोंडाने हाताखालच्या सगळ्यांचा उद्धार करायचा. "पापलेट बर्फात थांबतय. बोंबील थांबत नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वेळेत ऊन लागलं नाही तर बोंबील मऊ पडतो आणि फुकट जातो, आणि त्यांच्या लेखी याहून मोठं पाप नव्हतं.

मी सफाळ्याच्या शेतकऱ्याघरची. लग्न करून तारापूरच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा मला ही घाई कळायची नाही. माझी घाई वेगळी होती. बोईसरच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी पाळीवर जात होते आणि एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदा नाही जमलं तर विषय बंद, असं मीच घरात सांगून बसले होते. साहेबांनी रजा दिली ती फक्त परीक्षेच्या दिवसाची. अभ्यासाला उरली पाळी सुटल्यानंतरची दुपार, आणि नवऱ्याची होडी किनाऱ्याला लागली की तीही बोंबील वाळत घालण्यात जायची.

रसायनशास्त्र म्हणजे काय हे सासूबाईंनी कधी विचारलं नाही. पण मी पुस्तक उघडलं की त्या टोपली घेऊन उंबऱ्यात बसत आणि येईल त्याला सुनेला ताप आहे म्हणून परत पाठवत. हा ताप काही उतरेना, तेव्हा शेजारणी काढे घेऊन येऊ लागल्या. ते कडू काढे सासूबाई मला खरोखरच पाजत. "खोटा बोलाचा तं नीट बोलाचा," म्हणत. मला हसू यायचं, पण मी लगेच पुन्हा पुस्तकात डोकं घालायचे. अर्धा अभ्यासक्रम अजून कोराच होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कंपनीला सुट्टी होती. मी सकाळीच पुस्तक घेऊन बसले आणि नेमकी त्याच दिवशी होडी बोंबलांनी भरून आली. नवरा धावत सांगायला आला, हात कमी पडताहेत. मी पुस्तक मिटलं, पदर खोचला. दारात सासूबाई उभ्या.

"खाली बस."

"आई, एवढे बोंबील तुम्ही एकट्या कशा घालणार?"

"बोंबील उद्या परत येल. तुजी परीक्षा येल का?"

त्यांनी दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. मी आधी रडले, मग वाचायला बसले. खिडकीतून त्यांचे हात दिसत होते. तोंड मात्र बंद होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. ऊन कललं तरी निम्म्या टोपल्या तशाच होत्या. मऊ पडलेले बोंबील त्यांनी माडांच्या बुंध्याशी खड्डा करून पुरले. नवरा रागाने जेवला नाही. त्या मात्र जेवल्या आणि मलाही जेवायला लावलं.

मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. इतकी माया मला माहेरीही कुणी केली नव्हती, आणि हे त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. डोळ्यांसमोर येतात त्या निकालाच्या दिवशीच्या. पास झाले, कॉलेज मिळालं, म्हणून मी अंगणात धावत गेले. त्या बोंबील वाळत घालत होत्या. जोडी काठीवर टाकायची सोडून त्या ती हातात घेऊनच माझ्याजवळ आल्या.

म्हणाल्या, "सांगू का आता सगल्यांना, ताप उतरला म्हनून?"