दशरथाचे लाल दोरे

दशरथ घाडीने गिरणीत अठरा वर्षं माग चालवला. संपानंतर गिरणी बसली आणि दशरथ नाहूरच्या खाडीत उतरला. कामाला उतरला, गैरसमज नसावा. तिथं तुटलेलं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान एका संस्थेला पुन्हा उभं करायचं होतं, आणि गुडघाभर चिखलात न कुरकुरणारा माणूस हवा होता.

संस्थेचे श्यामकांत साहेब पुस्तकातले. रान पुन्हा कसं लावावं, याचे तीन देशांचे नियम त्यांनी मागवले होते. कुणी म्हणे रोपं हातभर अंतरावर, कुणी म्हणे दोन हात, कुणाला प्रत्येक रोपाला काठी हवी. साहेबांनी चिखलाचे तीन तुकडे पाडले: जपान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका. प्रत्येकात शंभर रोपं.

"सहा महिन्यांनी बघू, कुणाचा नियम आपल्याकडे चालतो. तुलना नीट झाली तर काम पुढे तीन वर्षं, आणि तूही," साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून दशरथाची बायको वनमाला चाळीत सांगू लागली, "आमचे हे आज अमेरिकेत गेलेत. डबा विसरले."

सहा महिने झाले. साहेबांनी रोपं मोजली. जपान शंभर, ऑस्ट्रेलिया शंभर, अमेरिकाही शंभर.

"एकही मेलं नाही? कसं शक्य आहे?"

"मेली ना, साहेब," दशरथ खुशीत म्हणाला. "मेलेलं दिसलं की त्याच दिवशी उपटून दुसरं लावायचो. गिरणीत धागा तुटला आणि लगेच सांधला नाही, तर मुकादम सोलून काढायचा."

साहेब बांधावर मटकन बसले. "वाट लागली! अरे, कुठं किती मेली तेच तर मोजायचं होतं!"

खाडीतून शिवल्या-शिंपले वेचून येणारी अंजनाबाई कोळीण टोपली खाली ठेवून हसली. "मेल्यांची गनती करायची व्हती, तर जित्याला कामाला कशाला ठेवलंस रे?"

दशरथाच्या डोळ्यांपुढून ती तीन वर्षं सरकन निघून गेली. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो धोतर सावरत चिखलात धावला.

"साहेब, हे बघा! नवीन लावलेल्या रोपाला मी लाल दोरा बांधलाय. कापडातली खोट दुरुस्त केली की तिथं दोऱ्याची खूण ठेवायचो आम्ही. हात सवयीने बांधतच गेला."

साहेब बुटांसकट चिखलात उतरले. दोरे मोजले. जपानात एकेचाळीस, ऑस्ट्रेलियात अडतीस, अमेरिकेत त्रेचाळीस. तिन्ही देश जवळपास सारखेच. पण दोरे सगळे पाण्याच्या बाजूला, एका पट्ट्यात, जणू लुगड्याचा लाल काठ. वरच्या अंगाला एकही नाही.

"तिथं उधानाचं पानी वढतं," अंजनाबाई म्हणाली. "आमी तिथं होडी पन बांधत नाय."

"बाई, आधी का नाही सांगितलंत?"

"तू इचारलंस कवा? तू तर परदेशात व्हतास."

साहेब हसले, अगदी पोट धरून. अहवालात तीन देशांच्या शेजारी त्यांनी चौथा रकाना आखला आणि उधाणाची रेघ अंजनाबाईकडूनच दाखवून घेतली. रेघेच्या वर नवीन तुकडा पाडला. राखणीला दशरथच, तीन वर्षांसाठी. अट एकच: मेलेल्या रोपाला हात लावायचा नाही.

आता नव्या तुकड्यात एखादं रोप मान टाकतं, तेव्हा दशरथ दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून त्याच्या शेजारून जातो. बोटं मात्र मागच्या मागे गाठ मारतच असतात.