ओलं लुगडं

अकोल्याला मोर्णेच्या काठी आमचा भाजीचा मळा होता. मी अमरावतीला इंटर सायन्सला होतो. वैशाखात सुट्टीला घरी आलो, तर माहेरपणाला आलेली थोरली बहीण मुदतीच्या तापानं, म्हणजे टायफॉइडनं, अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर म्हणाले, "या तापावर औषध नाही. डोक्यावर बर्फ ठेवा, ताप चढू देऊ नका."

बर्फ रेल्वेनं भुशात बांधून यायचा. मी स्टेशनवर पोचलो तेव्हा पोत्यात नुसता ओला भुसा उरला होता. तिथंच उकिडवा बसलो. घरी काय तोंड दाखवायचं, ते कळेना.

परतताना वर्गात शिकलेलं डोक्यात घोळू लागलं. पाण्याच्या रेणूत हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट बांधलेले असतात. पाणी उकळलं तरी ते सुटत नाहीत. पण शेजारशेजारचे रेणूही एकमेकांना धरून असतात, जरा सैल. पाण्याची वाफ व्हायची तर ती पकड सोडवावी लागते, आणि त्याला उष्णता लागते.

घरी मायनं दारंखिडक्या लावून बहिणीवर गोधडी टाकली होती. बहीण बरळत होती. मी गोधडी ओढून काढली, मायचं जुनं लुगडं भिजवून तिच्या अंगावर पसरलं आणि दार उघडलं.

"तापाच्या माणसाले पानी?" माय किंचाळली. "पोरीले मारतं काय तू?"

"माय, पान्याचा कण कणाले धरून असते. सुटून हवेत जायाचं तं त्याले गरमी लागते. ते तो हिच्याच आंगातून घेईन."

"अन् नाई घेतली तं?"



मी सुपानं वारा घालू लागलो. बाहेरच्या झळा इतक्या कोरड्या की लुगडं बघता बघता वाळायचं. पुन्हा भिजवायचं, पुन्हा वारा. मध्येच बहीण थडथडा कापू लागली. लुगडं काढून आम्ही दोघं तिचे तळवे चोळत बसलो. माय रडत देवाला हाका मारत होती. कापणं थांबल्यावर मी परत लुगडं भिजवलं. उन्हं कलताना मायनं बहिणीच्या कपाळाला हात लावला, ते निवलं होतं. तिनं माझ्या हातातलं सूप घेतलं आणि स्वतः वारा घालू लागली.

ताप रोज चढायचा, आम्ही रोज उतरवायचो. अखेर तो गेला. बहीण वाचली, पण त्या तापानं तिचे कान कायमचे गेले.

"माय काय म्हनून राहिली रे?" ती माझ्या ओठांकडे बघत विचारायची. मी हातवारे करून सांगायचो.