पूर्ण उंचीचा सुळा

पंचवीस वर्षं झाली, शहराच्या पंडरी भागात, कापडबाजाराच्या मागं मी दात बनवतो. डॉक्टर तोंडाचा साचा पाठवतात, मी त्यावर कॅप घडवतो. माणसांच्याच. कुत्र्याचा दात आयुष्यात एकदा केला आणि धाकट्या भावाचं वाटोळं करून बसलो.

भाऊ पोलिसांच्या श्वानपथकात. सहा वर्षं एकच कुत्री त्याच्याकडं. लग्नाचं नाव काढलं की म्हणायचा, "ते आहे न मले." सरावात तिचा वरचा सुळा अर्धा तुटला. चावा पक्का नसेल तर कुत्री पथकातून बाद, आणि बाद झालेली कुत्री परक्याच्या घरी जाते. भावाला अन्न गोड लागेना. जनावरांच्या डॉक्टरनं दाताची नस साफ केली, पण धातूची पक्की कॅप बाहेरून यायला तीन आठवडे होते. तोवर दात झाकायला कच्ची कॅप हवी. ती मी करतो म्हटलं, मोठ्या तोऱ्यात.

डॉक्टरनं फोनवर बजावलं, "भैया, छोटा ही रखना. लंबा दाँत कहीं अटका तो जड़ से जाएगा."

जी, जी म्हटलं आणि तसा केलाही. पण तो बुटका, बोथट ठोकळा हातात घेतला आणि शी! माझ्या हातचं काम असं दिसावं? तीन आठवडे तर काढायचे, म्हणून दुसरा केला. पूर्ण उंचीचा, टोकदार, शेजारच्या दातांच्या रंगाचा. बसवताना डॉक्टरनं कपाळाला आठ्या घातल्या, "घिस दूँ थोड़ा?" म्हणाला. कुत्री भुलीत होती, भाऊ बाहेर बाकावर. मी म्हटलं, "रहने दो, मेरी जिम्मेदारी."

भाऊ बघून हरखला. "दादा, अस्सल वाटून राह्यला बे!"

नवव्या दिवशी तो सुळा पिंजऱ्याच्या जाळीत अडकला. तिनं हिसका दिला. माझी कॅप फुटली असती तर निभावलं असतं. कॅप शाबूत राहिली आणि दात हिरडीखालून मोडला. मूळ काढून टाकावं लागलं, मग पक्की कॅप बसवायची कशावर?

कुत्री अभनपुरला कोणाच्या फार्महाऊसवर गेली. भाऊ एकदा भेटून आला. तो परतल्यावर तिनं दोन दिवस काही खाल्लं नाही, तेव्हा त्या लोकांनी हात जोडून सांगितलं, पुन्हा येऊ नका. आता सुट्टीच्या दिवशी तो माझ्या लॅबमध्ये येऊन बसतो. मला त्याच्याकडं बघवत नाही, स्वतःच्या हातांकडं तर मुळीच नाही.

मागच्या रविवारी एकदम म्हणाला, "दादा, त्या डॉक्टरनंच दात लांब करायले सांगितला असन न? तू कायले चुकशीन."

मी मान वर केली नाही.

"हव, त्यानंच," म्हटलं.