झिप सोडली आणि पंच अडकला

ती घटना आठवली की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. गुन्हेगार पळतात, लपतात. हा मात्र माझ्या शेजारी बसून माझाच चहा पीत होता.

कापसाने शेतकऱ्याला रडवलं, त्या वर्षांतली गोष्ट. ढाणकी भागात बोगस बियाण्याची पाकिटं निघाली होती. पेरलेलं उगवत नव्हतं. एका बियाणे विक्रेत्याने खबर दिली की पाकिटांचं डिझाइन बाजारातल्या डीटीपीच्या दुकानात होतं. दुकान लग्नपत्रिका करणाऱ्या एका बाईचं.

छापा घातला, पण पंच मिळेना. पोलीस दिसले की बाजारातल्या प्रत्येकाला घरचं काम आठवतं. शेवटी खबर देणाराच म्हणाला, "मी राह्यतो न साहेब पंच." दुसरा पंच म्हणून पानठेलेवाल्याला उभं केलं.

संगणकाच्या पडद्यावर एक फोल्डर होतं आणि आत पाकिटाचं हुबेहूब डिझाइन. विक्रेत्याने तारखेवर बोट ठेवलं. फाइल गेल्या पोळ्याच्या आधीची, म्हणजे धंदा जुना. आम्ही पंचनामा केला, संगणकाला लाखेचं सील ठोकलं आणि बाईला ठाण्यात आणलं.

माझ्या खोलीत, महिला शिपायासमोर, तिने सांगितलं ते असं. अनोळखी पत्त्यावरून मेल आली, सोबत झिप फाइल. छपाईचा भाव विचारला होता. तिने झिप डेस्कटॉपवर सेव्ह केली, सोडली, म्हणजे आत बांधलेलं फोल्डर बाहेर काढलं, डिझाइन पाहून भाव कळवला आणि सवयीप्रमाणे झिप पुसून टाकली. पुढे उत्तर आलंच नाही. शिवाय संगणक तिने गेल्या दिवाळीत घेतलेला; पोळ्याला त्या टेबलावर शिलाई मशीन होती.

मग ती म्हणाली, "साहेब, आज मी आत गेली, तं माह्या हातची पत्रिका उद्या कोणी देवापुढे ठेवन का?"

शिपाई उमरखेडला, संगणक विकणाऱ्या दुकानात पाठवला. संगणकाचं बिल दिवाळीचंच निघालं. आता मीच चक्रावलो. संगणकाच्या आधी फाइल कशी जन्मली?

तारखेवर बोट विक्रेत्यानेच ठेवलं होतं; एक सही राहिली असं सांगून त्याला बोलावलं, चहा मागवला आणि चेहरा शक्य तितका भोळा केला. "भाऊ, तुमची खबर फसली. संगणक दिवाळीतला, फाइल पोळ्याआधीची. खोटी खबर दिली म्हणून तुमच्यावरच कारवाई करावी लागते की काय!"

तो घाईघाईने बोलला, "तसं नसते साहेब. झिप सोडली का आतल्या फाइलीची तारीख जुनीच राह्यते."

"कोणती झिप?"

"तिले मेलवर आलती ते."

झिपचा उल्लेख पंचनाम्यात नव्हता, पडद्यावर ती नव्हती, बाईने ती फक्त माझ्या खोलीत सांगितली होती. बशीतला चहा त्याच्या पँटवर सांडला. मी पंचनामा पुढे ओढला. पंचनाम्यावर पहिली सही याचीच होती!

त्याच्या गोदामात तीच पाकिटं सापडली, आत तेलघाणीकडे जाणारी सरकी, रंग देऊन भरलेली. बोभाटा वाढला तेव्हा फास अडकवायला त्याला दुसऱ्याची मान हवी होती, म्हणून ती मेल त्यानेच पाठवली होती.

या प्रकरणाने मला शिकवलं की झिपमधून निघालेल्या फाइलीवरची तारीख ती बनल्याची असते, आल्याची नाही. आणि पोलिसाने बोलवायच्या आधी जो पंच व्हायला पुढे येतो, त्याची आधी चौकशी करावी.

सील मी स्वतः तोडून संगणक परत दिला. पुढच्या लग्नसराईत पुतणीचं लग्न होतं. पत्रिका तिच्याकडेच केल्या. पहिली देवापुढे ठेवली, आणि दुसरी, सगळ्या बाजाराला दिसेल अशी, ठाण्याच्या दारावर लावली.