चपलेच्या चाकांचा बैल

"ए पोट्टे, तुह्या बापाच्या घरी बैल हाय का?"

तिवस्याजवळच्या आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा. तान्हा पोळा होता. आदल्या दिवशी मोठा पोळा खऱ्या बैलांचा, अन् दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा लेकरांच्या लाकडी बैलांचा. व्हरांड्यात आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, त्याच्याखाली मी पहिल्या नंबरावर उभी. चौथीत होते. हातात सुतळी, सुतळीला माझा बैल. समोर गावचे पाटील. त्यांनी काठीच्या टोकानं माझा बैल उलटा केला. पोट वर, चाकं वर.

"चपलेचे चाकं लावून आली पाहा! घरी बैल नाही तं पोळा कायचा वो? बैल मेला का मंग तो तुमचा. जित्ता हाय तवरोक आमचा."

लोक हसले. लेकरांना घेऊन आलेल्या आयाबायाही पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या आज्यानं गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम माझा बाप जन्मायच्या आधीच सोडलं होतं. गावानं ते अजून जपून ठेवलं होतं, नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडावर मारायला.

मी तोरणाखाली अशीच घुसले नव्हते. गुरुजींनीच आदल्या आठवड्यात मूल्यशिक्षणाच्या तासाला सांगितलं होतं, "जो आधी येईल तो आधी. इथं लहान-मोठा कोणी नाही." गुरुजी अमरावतीचे, वकिलाच्या घरातले. बोलणं गोड, अक्षर सुंदर. माझंही अक्षर बरं म्हणून फळ्यावरचा सुविचार माझ्याकडून लिहून घ्यायचे. त्या दिवशीचा सुविचार होता, "सर्व माणसे समान आहेत." माझ्याच हातचा. तो फळा माझ्या पाठीमागे होता अन् पाटलाची काठी माझ्यासमोर.

मी गुरुजींकडे पाहिलं. आता बोलतील. आता म्हणतील, अहो पाटील, ही पोरगी सातलाच येऊन बसली आहे. गुरुजी आले, खाली वाकले, माझा बैल उचलला अन् रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला. काही रागावले नाहीत. हळूच म्हणाले, "तिथं उभी राहा बाळ. समजून घ्यावं."

अन् मी म्हणाले, "हो गुरुजी."

पाटलाच्या काठीपेक्षा मला तो "हो" जास्त जाळतो. आजही.

बैल बापानं केला होता. बाप आरामशीनवर हमाली करायचा. सागाचा एक फेकलेला तुकडा मागून आणला अन् तीन संध्याकाळी विळ्यानं तासत बसला. चाकं तुटक्या स्लीपरची, गोल कापलेली. झूल मायच्या जुन्या पोलक्याची. शिंगांना नीळ. घरी आले तर बाप ओट्यावर वाट पाहत बसला होता.

"कितवा नंबर लागला वो, माय?"

"पयला," मी म्हणाले.

बापानं ते साऱ्या पुऱ्यात, आमच्या वस्तीत सांगितलं. माह्या पोरीचा बैल पयला होता म्हणे तोरणाखालून! चहाच्या टपरीवर सांगितलं, आरामशीनवर सांगितलं. पुढं मी मास्तरीण झाले तेव्हा पाहुण्यांनाही तेच. बाप गेला, तोवर त्याला हेच माहीत होतं; ऐकणाऱ्यांनी कोणी खरं सांगितलं नाही. त्याला खोटं सांगायची पाळी माझ्यावर कोणी आणली, याचा हिशेब मी त्या गावाशी कधी केला नाही. भांडायला पाहिजे होतं. भांडले नाही.

आता मी पातूर तालुक्यातल्या एका गावात शिकवते. तिसरी माझ्याकडे; ही लेकरं दुसरीपासून माझ्याच हाताखाली. भिंतीवर संविधानाची उद्देशिका रंगवलेली, लेकरं रोज परिपाठाला ती खणखणीत म्हणतात. दर्जाची व संधीची समानता. मीच पाठ करून घेतली आहे, एकेक शब्द घासून.

इथंही तान्हा पोळा होतो. इथंही एक घर मानाचं, पोळ्याला पहिला बैल त्यांचा. शाळा समितीचे अध्यक्ष त्याच घरातले अन् त्यांचा नातू यश माझ्या वर्गात. मी आले त्या वर्षीच मुख्याध्यापक सर म्हणाले होते, "मॅडम, गावाशी वाकडं घेऊ नका." मी वाकडं घेतलं नाही. लय हुशार ना मी! मी नियम काढला, रांग उंचीप्रमाणे लावायची, बुटका पुढं. यश अंगानं बारीक, म्हणून तोरणाखाली पहिला. अध्यक्ष खुश, सर खुश, अन् माझा नियमही कागदावर चोख. याच्याआधी यशचा मोठा भाऊ माझ्या वर्गात होता. तो उंच होता, तेव्हा मी उंचापासून रांग लावत होते. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

यंदा पोळ्याच्या आधी मूल्यशिक्षणाच्या तासाला मी परस्पर आदर शिकवत होते. सगळ्यांना सारखी वागणूक, वगैरे. शेवटच्या ओळीतली आचल उभी राहिली. नाल्यापल्याडच्या पुऱ्यातली.

"बाई, मी यशहून बुटकी आहो. मंग मांगच्या साली मी मांगं कावून होती?"

यश उठला अन् तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. खरंच, बोटभर बुटकी होती ती. यश म्हणाला, "हो बाई, हे बुटकी हाय." त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही. मी बोलायला गेले अन् ओठावर काय आलं माहीत आहे? "समजून घ्यावं."

थू माझ्या जिंदगीवर! तीस वर्षं ज्या माणसाला मनात शिव्या दिल्या, तोच माझ्या तोंडातून बोलायला निघाला होता. मी तो शब्द गिळला. वर्गासमोर म्हणाले, "आचल, माझं चुकलं. मी भ्याले होते. यंदा जो आधी येईल तो आधी."

तान्ह्या पोळ्याला मी शाळेत पोचले तर आचल पायरीवर बसलेली. मातीचा बैल, शेपटीला काथ्या. मी तिला तोरणाखाली उभं केलं. यश चौथा आला अन् गपचूप चौथ्या नंबरावर उभा राहिला. त्याचं सारं लक्ष आचलच्या बैलाच्या शेपटीत होतं.

मग अध्यक्ष आले. रांग पाहिली.

"मॅडम, मानाचा बैल आमचा. गावात चालते तसंच शाळेत चालंल."

"शाळेत नाही चालणार."

"तुमच्या लोकायले नोकऱ्या भेटल्या का हे असं होते."

सर माझ्या कानाशी आले, "मॅडम, एका मिनिटाचं काम आहे, पोरीला मागं घ्या." आचल माझ्याकडे पाहत होती. तिचे ओठ हलायला लागले होते. मला माहीत होतं ती काय म्हणणार. "हो बाई" म्हणणार. मी तिचा हात धरला. वर्गात मी पुस्तकातलं बोलते, पण तेव्हा माझ्या बापाची बोलीच तोंडात आली.

"बैल जित्ता हाय, अध्यक्ष साहेब. अन् तो इचा हाय. तो पयलाच जाईन."

त्यांना काय कळलं, त्यांचं त्यांना ठाऊक. ते नातवाला ओढत घेऊन गेले. यश रडत होता, त्याला रांगेतून जायचं नव्हतं. आचल तोरणाखालून गेली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

आठवड्यात तक्रार गेली. परंपरेचा अपमान केला, गावात तेढ लावली, बदली करा. माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. सरांनी मसुदा आणून दिला. चांगला माणूस आहे, वाईट वाटलं मला त्याचं. मसुद्यात होतं, "सदर प्रकार माझ्याकडून अनवधानाने घडला."

तो कागद मी फाडला. माझ्या टेबलावर आता बापाचा बैल आहे. चाकांचं रबर तडकलंय, नीळ उडाली आहे. त्याच्या शेजारी बसून मी खुलासा लिहिला, त्याच बऱ्या अक्षरात.

"सदर प्रकार मी जाणूनबुजून केला आहे. पुढच्या पोळ्यालाही करीन. बदली केली तरी करीन. जिथं टाकाल तिथं शाळा आहे, अन् तिथं तोरणही बांधतात."

खाली सही केली. बापाचं पूर्ण नाव लिहून.